फडताळातला अंक

दिवाळीची झाडलोट निघाली की आमच्या घरी पहिली स्वारी होते ती माझ्या फडताळावर. "ही जाड त्रैमासिकं रद्दीत घालू ना? सगळं फोनवर मिळतं, म्हणता!"

म्हणतो खरा. पण त्यांतल्या एका अंकात मी आहे! मी मॅट्रिक झालेला मास्तर. कादंबऱ्या लिहिल्या तरी विद्वानांच्या पंक्तीला मला कोण बसवणार? गावच्या पेरणीतले शब्द गोळा करून टिपण धाडले, आणि ते छापून आले. वडिलांनी अंकाला हळदीकुंकवाची बोटे लावली. पुढे ते त्रैमासिक कागद सोडून संगणकावर गेले, दोन वर्षांत संकेतस्थळ बंद पडले, आणि माझे दुसरे टिपण त्याबरोबर बुडाले.

कागदाचे हे वेड माझ्या एकट्याचे नव्हे. 1665 साली हेन्री ओल्डेनबर्गने लंडनला संशोधनाचे नियतकालिक काढले, तेव्हापासून तारखेचा छापील अंक हा शोधाचा दाखलाच. वनस्पतिशास्त्रज्ञांनी तर 2011 अखेरपर्यंत नव्या झाडाचे नाव कागदावर छापल्याखेरीज मानले नाही. शिवाय वर्गणी थांबली तरी मागले अंक आपलेच. कपाटाला कोणी बाहेरून कुलूप लावीत नाही.

हे व्याख्यान ऐकायला कोणी नव्हतेच. ती स्टुलावर बसून अंक वाचीत होती.

"'चाड्यावर मूठ धरणे'... अहो, हे सासूबाई म्हणायच्या."

दारात रद्दीवाल्याने पुन्हा हाक दिली. तिने पदराने अंक पुसला.

"त्याला वर्तमानपत्रं तेवढी द्या," ती म्हणाली.