नऊनंतरचे जेवण

या अंकाच्या मराठी विभागाचे काम पाहणाऱ्या बाई एके काळी मला शिकवायला होत्या. त्यांचा परवा फोन आला. "मुलं विचारतात गं, मुंबईच्या मोठ्या लॉ फर्ममध्ये काय काय मिळतं? रोज ऑफिसात जावंच लागतं का? तू सहा वर्षं होतीस तिथं. लिही की चार पानं." बाईंना नाही म्हणणे मला अजून जमत नाही. पण लिहायला बसले आणि ध्यानात आले की, 'काय मिळते' या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर सुरुवात मुंबईपासून करून चालणार नाही. वडगावच्या आमच्या घरापासून करावी लागेल.

अप्पांनी उभे आयुष्य यंत्रमागावर काढले. माग दुसऱ्याचा, हात यांचे. मजुरी निघालेल्या मालावर. लाइट गेली की मजुरीही गेली. कारखान्यात एकदा शिरून पाहा म्हणजे कळेल, शेजारी उभ्या माणसाचे बोलणेही तिथे ऐकू येत नाही. तीस-पस्तीस वर्षे त्या खडखडाटात काढल्यावर अप्पांचे दोन्ही कान गेले. अगदी ठार बहिरे नाहीत, पण समोरच्याचे ओठ दिसले तरच त्यांना बोलणे कळते. त्यामुळे फोन हे यंत्र त्यांच्या उपयोगाचे नाही. मी मुंबईला गेल्यावर फोनवर आईशी बोलायची आणि आई माझे म्हणणे त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन सांगायची. माझ्या चार वाक्यांचे तिकडे एक वाक्य व्हायचे. बहुतेक वेळा तेही "बरी आहे म्हणं" एवढेच.

लॉ झाल्यावर पहिली दोन वर्षे मी इथल्याच एका ज्येष्ठ वकिलांच्या ऑफिसात होते. सकाळी कोर्ट, संध्याकाळी सात ते साडेनऊ ऑफिस. पक्षकार बाकावर, आम्ही ज्युनियर स्टुलावर. महिना तीन हजार रुपये, तेही सरांना आठवण झाली तर. पण सर साक्षीदाराला काय विचारतात यापेक्षा काय विचारत नाहीत, ते तिथे बसून पाहायला मिळाले. त्याचे मोल तेव्हा कळले नाही, कारण खिशात बसला पैसे नसत.

पुढे मुंबईत एका फर्ममध्ये तीन महिने बिनपगारी उमेदवारी केली आणि २०१७ मध्ये तिथेच असोसिएट म्हणून घेतले. फर्मचे नाव सांगत नाही, त्याने काही फरक पडणार नाही. ऑफिस लोअर परळला, काचेच्या इमारतीत. ती जागा पूर्वी कापड गिरणीची. १९८२ च्या संपानंतर त्या भागातल्या गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि पुढे जमिनींवर असे मनोरे उभे राहिले. आमच्या खिडकीतून एक जुनी चिमणी दिसे. विणकराची मुलगी गिरणीच्याच जागेवर कामाला लागली, पण हे माझ्या लक्षात यायला वर्ष गेले. इतका वेळ खिडकीबाहेर बघायला सवड होती कुठे!

आता सोयींविषयी. पहिल्याच दिवशी लॅपटॉप हातात आला. कॉफीचे यंत्र, त्यातून पाच प्रकारची कॉफी. आरोग्यविमा. एका व्यायामशाळेचे सभासदत्व, जिची पायरी मी सहा वर्षांत दोनदा चढले. वाढदिवसाला केक. आणि सगळ्यांत महत्त्वाच्या दोन गोष्टी : रात्री नऊनंतर ऑफिसात असाल तर जेवण फर्मच्या खर्चाने आणि दहानंतर निघालात तर घरापर्यंत गाडी.

या 'नऊनंतर'ची गंमत अशी. काम साडेआठला संपलेले असायचे. पण साडेआठला उठून लोकलने परत जायचे, खोलीवर जाऊन कुकर लावायचा, त्यापेक्षा अर्धा तास बसले तर आयते ताट. मग बसायचे. नऊला जेवण मागवायचे, ते यायची वाट पाहायची. पावणेदहाला जेवून उठले की दहाच्या गाडीला पंधराच मिनिटे उरतात. तेवढ्यासाठी कोण धक्के खात जाईल? आणि त्या पंधरा मिनिटांत साहेबांची मेल आलेली असायची. खोलीत शिरायला बारा. मुलींना तर गाडीचे फारच अप्रूप. आई दर फोनला विचारायची, "रात्री कशी येतेस?" आणि "ऑफिसची गाडी असते" हे उत्तर ऐकून तिला झोप लागायची. त्या गाडीच्या पावतीवर मात्र कोणत्या अशिलाच्या कामासाठी उशीर झाला त्याचा क्रमांक लिहावा लागे. म्हणजे माझे जेवण नि माझी गाडी शेवटी त्याच्याच बिलात.

ऑफिसात धारवाडचा एक मुलगा होता. आम्ही दोघेच सीमेकडचे. तो रोज नऊला माझ्या टेबलापाशी येऊन आपल्या खास कानडीत विचारायचा, "ऊट आतेनु?" जेवण झाले का, हा आपल्याकडे रस्त्यात भेटणाऱ्याला विचारायचा साधा प्रश्न. तिथे त्याचा अर्थ, आज किती वाजणार, असा होई.

वेळेचा हिशेब सहा-सहा मिनिटांचा. तासाचे दहा भाग पाडायचे आणि प्रत्येक भाग कोणत्या अशिलासाठी घालवला ते रात्री भरायचे. चहा, जांभई, आईचा फोन यांना रकाना नाही. आठ तास भरायचे तर दहा-अकरा तास बसावे लागते. शिवाय आम्हाला मिळत होता तो पगार नव्हेच. वकिली करणाऱ्याने पूर्णवेळ पगारी नोकरी करू नये असा बार कौन्सिलचा नियम, म्हणून कागदोपत्री आम्ही फर्मला सेवा देणारे स्वतंत्र वकील. दरमहा 'प्रोफेशनल फी', तिच्यातून दहा टक्के कर कापलेला, आणि प्रॉव्हिडंट फंड नाही की ग्रॅच्युइटी नाही. रक्कम मोठी होती, खोटे कशाला सांगू. पहिल्याच महिन्याला अप्पांच्या वर्षाच्या मजुरीच्या आसपास गेली. पण घराच्या दुरुस्तीसाठी बँकेत कर्ज मागायला गेले तेव्हा साहेबांनी पगारपत्रक मागितले. ते माझ्याकडे नव्हते. अप्पांकडेही ते जन्मात कधी नव्हते. आम्ही बापलेक काउंटरसमोर उभे राहून एकमेकांकडे बघत होतो.

कायद्याच्या विद्यार्थ्यांनी १९८४ चा ससिधरन विरुद्ध पीटर अँड करुणाकर हा निवाडा जरूर वाचावा. केरळच्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली वकिलाचे ऑफिस 'व्यापारी आस्थापना' होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात ठरवले. वकिली हा धंदा नव्हे, पेशा आहे, हे ऐकायला छानच वाटते. पण पेशाला सुट्टीची घंटा नसते.

ही रीत अर्थात आमच्या फर्मने शोधलेली नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या पॉल क्रावथ यांनी तिची घडी बसवली. उत्तम विद्यापीठांतली हुशार मुले शिक्षण संपताच उचलायची, त्यांना पगार द्यायचा, अनुभवी वकिलांच्या हाताखाली वर्षानुवर्षे घडवायचे आणि त्यांतल्या मोजक्यांनाच भागीदार करायचे. तिथल्या मोठ्या फर्मा आता पहिल्या वर्षाच्या असोसिएटला किती देतात? मिलबँक या फर्मने नोव्हेंबर २०२३ मध्ये हा आकडा वर्षाला २,२५,००० डॉलर केला आणि इतरांनी लगोलग त्याची बरोबरी केली. त्याच वर्षी काही फर्मांनी असेही कळवले की, आठवड्याचे ठरलेले दिवस ऑफिसात न दिसणाऱ्याच्या बोनसला कात्री लागू शकेल. दारावरचे कार्ड ती हजेरी मोजते. गिरणीचा भोंगा निदान सुटल्यावरही वाजायचा.

पहिल्या दिवाळीला घरी आले तेव्हा अप्पांना समोर बसवून हे सगळे सांगितले. पाच प्रकारची कॉफी, केक, गाडी. जेवणाचे सांगताना ते हसायला लागले. म्हणाले, "आमचा मालक रातपाळीला दोनदा चहा पाजायचा. भारी चहा, आलं घालून. दिवसपाळीला कधी नाही." मी म्हटले, "मग?" "मग काय! रातीलाच झोप येत्या की. माग थांबला तर त्याचं नुकसान." मला राग आला. कुठे तो चहा आणि कुठे आमची फर्म! मी बोलले नाही, पण चेहऱ्यावर दिसले असणार, कारण चेहरा वाचायची त्यांना सवयच आहे.

तरीही तिथे बसून माझा वेळ फुकट गेला असे मी म्हणणार नाही. एका कंपनीच्या खरेदीचा करार चालला होता. रात्री अकराला दुसऱ्या पक्षाचे वकील फोनवर. आमच्या साहेबांनी आपली अट एका वाक्यात सांगितली, फोनचा आवाज पलीकडे जाणे बंद केले आणि मला म्हणाले, "आता आपण बोलायचं नाही. पहिल्यांदा जो बोलेल तो खाली येईल." जवळजवळ एक मिनिट शांतता. मग पलीकडून, "ठीक आहे, बघू या" आले. ही गोष्ट कोणत्याही पुस्तकात मला मिळाली नसती. घरी बसूनही मिळाली नसती.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मी वडगावला आले ती जवळजवळ दोन वर्षे राहिले. कारखाने बंद, अप्पा घरी. घर माझ्या फीवर चालले. माळ्यावर टेबल टाकून मी तेच करार, तेच तास भरत होते. रात्री नऊला आई खालून हाक मारायची आणि मी खाली जाऊन गरम भाकरी खायची. तिचा क्रमांक कोणत्याही अशिलाच्या खात्यावर घालावा लागत नव्हता. अप्पा समोर बसायचे. लहानपणापासून आमचे जेवढे बोलणे झाले नसेल तेवढे त्या दोन वर्षांत झाले. सावकाश, ओठ स्पष्ट हलवून. मी काय काम करते हेही त्यांना तेव्हाच नीट कळले. "म्हणजे दोघं भांडायच्या आधीच तुम्ही भांडण लिहून ठेवता," असा त्यांनी करारशास्त्राचा सारांश काढला.

पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे. २०२१ मध्ये आमच्या गटात एक नवा मुलगा आला. हुशार, कष्टाळू. वर्षभर त्याने आम्हाला फक्त पडद्यावर पाहिले. त्याच्या मसुद्यांत तीच चूक पुन्हा पुन्हा यायची. मी दर वेळी दुरुस्त करून पाठवायची, पण का केली ते सांगायला कधी फोन उचलला नाही. शेजारी बसला असता तर दोन मिनिटांत सांगितले असते. त्याने वर्षाअखेर फर्म सोडली. त्यात माझा वाटा होता असे मला आजही वाटते.

२०२२ च्या सुरुवातीला पत्र आले : सर्वांनी आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात. मी विनंती केली की, महिन्यातला एक आठवडा मला बेळगावहून काम करू द्यावे. वडिलांना फोनवर ऐकू येत नाही. वरिष्ठांनी शांतपणे ऐकून घेतले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "समजतं मला. पण आपल्या कामात प्रत्यक्ष समोर बसण्याला पर्याय नाही. स्क्रीनवर निम्मं हरवतं." मी मान डोलावली. यावर काय बोलणार? ते जे सांगत होते तेच तर मी मागत होते.

आणखी दीड वर्ष राहिले. पुन्हा आईचे "बरी आहे म्हणं" सुरू झाले. २०२३ मध्ये सोडले. त्यागबिग काही नाही. कर्ज फिटले होते आणि भागीदार होणाऱ्या मोजक्यांत मी नसणार याचा अंदाज आला होता. धारवाडचा मित्र अजून तिथेच आहे आणि सुखात आहे. त्याचा निर्णय त्याच्यापाशी.

आता इथल्या कोर्टाजवळ माझे छोटे ऑफिस आहे. गेल्या वर्षापासून खानापूरहून एक मुलगी ज्युनियर म्हणून येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनियरांना शहरात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली आहे. मी पंधरा देते, आणि बेळगाव शहर की ग्रामीण, हा वाद स्वतःशीच सोयीस्करपणे मिटवते. पावसाळ्यात तिने विचारले, "मॅडम, मसुद्याचं काम दोन दिवस घरून करू का? बस फार उशिरा येते." मी म्हटले, "अगं, समोर बसल्याशिवाय शिकणार कशी?" बोलले आणि जीभ चावली. मग शुक्रवारी घरून करायची तिला मुभा दिली. इतर दिवशी साडेपाचच्या बसला ती निघते, पण मोठे काम असले की सात वाजतात. तेव्हा मी तिला बसस्टँडवर सोडते आणि निघण्यापूर्वी चहा मागवते.

हे अप्पांना सांगितले. त्यांनी माझ्या ओठांकडे बघत पुरते ऐकून घेतले आणि विचारले, "आलं घालून काय?"