भोग्य

विजयनगर सेकंड स्टेजमधल्या आमच्या घराच्या फाटकाला भरदुपारी आतून कुलूप होतं. माझ्याबरोबर एजंट होता आणि घर बघायला बेंगळुरूहून आलेलं एक जोडपं. बेल वाजवली, हाका मारल्या, फोन लावला. आतल्या खोलीत तो फोन वाजलेला आम्हाला बाहेर ऐकू आला. गिऱ्हाइकानं कंपाउंडवरून बाजूच्या बोळात डोकावून पाहिलं. मागची भिंत जमिनीपासून वरच्या मजल्याच्या खिडकीपर्यंत काजळीनं काळी झाली होती.

"आग लागली होती का?" त्यांनी विचारलं.

"नाही, भाडेकरू केटरिंग करतात," एजंट म्हणाला. जोडपं गाडीत जाऊन बसलं. ही गोष्ट २०२४ च्या ऑगस्टमधली.

त्या वर्षी विजयनगरचं नाव देशभरच्या बातम्यांत होतं. मुडानं इथल्या साइट्स कुणाला आणि कशा दिल्या, यावरून कर्नाटकाचं राजकारण पेटलं होतं. त्यामुळे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी कागद मागायचं. आमचे कागद चोख होते. अण्णा सीएफटीआरआयमध्ये नोकरीला. सांगलीहून म्हैसूरला आले आणि इथलेच झाले. १९८४ साली त्यांना ३० बाय ४० ची साइट मिळाली, तेव्हा मुडा नव्हतीच. १९०३ पासून चालत आलेला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट बोर्ड होता. वाटपपत्र, विक्रीपत्र, खाते, कराच्या पावत्या, सगळं त्यांनी एका हिरव्या फायलीत क्रमानं लावून ठेवलेलं. २०२१ मध्ये ते गेले. घर आईच्या नावावर झालं आणि आई पुण्याला माझ्याकडे आली. वरचा मजला बंद, खालच्या मजल्यावर हे कुटुंब.

ते भाडं देत नसत. म्हणजे थकवत नव्हते; त्यांना भाडं द्यायचंच नव्हतं. म्हैसूर-बेंगळुरूकडे घर दोन तऱ्हांनी मिळतं. एक 'बाडिगे', म्हणजे आपलं भाडं. दुसरं 'भोग्य'. यात राहणारा मालकाला एकरकमी मोठी रक्कम देतो, महिन्याला काही देत नाही आणि घर सोडताना सगळी रक्कम बिनव्याजी परत घेतो. मालकाला पैसे वापरायला मिळतात, राहणाऱ्याला घर. पुण्यामुंबईच्या माणसाला हे समजावताना फार वेळ लागतो. पागडी नव्हे, लिव्ह अँड लायसन्सही नव्हे. आपल्याकडच्या जुन्या ताबेगहाणाशी त्याचं नातं जवळचं.

आमचं भोग्य आठ लाखांचं होतं. एवढंच मला माहीत होतं.

बाकी माहिती होती ती तक्रारींची. मागच्या अंगणात विटांच्या चुली मांडून लग्नाकार्याचा स्वयंपाक चालायचा. तेलकट पाण्यानं गटार तुंबायचं आणि शेजारी मला पुण्याला फोन करायचे. आउटहाउसची खोली न विचारता दोन विद्यार्थ्यांना दिलेली. वाणी विलास वॉटर वर्क्सची पाण्याची बिलं साचलेली. आणि घर विकायचं म्हटल्यापासून फाटकाला कुलूप. फोन उचललाच तर एकच वाक्य: "सार हेळिद्रु." सर म्हणाले होते. काय म्हणाले होते? तर, पाहिजे तितके दिवस राहा.

एजंटनं दोन मार्ग सांगितले. आहे तसं विकलं तर नव्वद लाख, रिकामं करून दिलं तर एक कोटी पाच. रिकामं कसं करायचं? "लाइट-पाणी तोडा मेडम, महिन्यात जातील."

मी वकील गाठला. त्यांनी ते लगेच मोडीत काढलं. जबरदस्तीनं बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या सहाव्या कलमाखाली दावा लावून ताबा परत मिळवू शकतो, अगदी मालकाकडूनसुद्धा. घर विकलं म्हणून भाडेपट्टा तुटत नाही. ट्रान्स्फर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टच्या १०९ व्या कलमाप्रमाणे नवा मालक जुन्याच्या जागी येऊन उभा राहतो. रेंट ॲक्ट इथे कामाचा दिसत नाही, तेव्हा नोटीस देऊन दिवाणी दावा लावायचा. पण कागद नोंदवलेला नाही. हा भाडेपट्टा की गहाण, यावरच पहिली काही वर्षं जातील.

"कागद आहे ना तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं.

हिरव्या फायलीत तो नव्हता. आईच्या कपाटात, अण्णांच्या पेन्शनच्या पासबुकात घडी करून ठेवलेला सापडला. शंभराचा स्टँप पेपर, अकरा महिन्यांची मुदत, पुढे कधी नूतनीकरण नाही. खाली अण्णांची सही आणि तारीख: जून २०१५.

ती तारीख मी ओळखली. जून २०१५ मध्ये आम्ही कोथरूडच्या फ्लॅटचं डाउन पेमेंट भरलं होतं. आठ लाख कमी पडत होते. अण्णांनी पाठवले आणि म्हणाले, फंडातले आहेत, नाहीतरी पडूनच होते.

मी आईला विचारलं. तिनं भाजी निवडणं थांबवलं नाही. "फंड तुझ्या लग्नातच संपला होता," ती म्हणाली. "त्यांनी भोग्याला माणूस शोधला. त्या माणसानं मुलीच्या नावचे ठेवलेले पैसे मोडून दिले. तेव्हा हे म्हणाले, घाई नाही, राहा हवं तितकं."

तीन महिने ज्यांना मी 'प्रॉब्लेम टेनंट' म्हणत होते, त्यांच्या पैशांनी घेतलेल्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी बसलो होतो.

ऑक्टोबरात दसऱ्याच्या दिवसांत मी एकटीच गेले, आधी कळवून. फाटक उघडं होतं. पुढच्या खोलीत पायऱ्यांवर गोंबे मांडलेल्या, राजा-राणी मध्यभागी. बाईंनी "अक्का, बन्नी" म्हणून आत घेतलं आणि जेवण झालं का विचारलं. कानडीत अक्का म्हटल्यावर भांडण सुरू करणं अवघड जातं. त्यांचे यजमान रेशनकार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेली कागदाची दुसरी प्रत घेऊन आले.

भांडण झालंच. मी काजळी, गटार, पाण्याची बिलं, विद्यार्थी, सगळं काढलं. त्यांनी गळकं छत, सारना सांगूनही न झालेली दुरुस्ती आणि अण्णांच्या शेवटच्या आजारात रात्री दोन वाजता रिक्षा कोणी आणली ते काढलं. मी म्हटलं, महिना आठ हजार धरले तरी साडेनऊ वर्षांत तुम्ही आठ लाखांहून जास्त वसूल केलेत. ते म्हणाले, "अक्का, तेव्हा आठ लाखांत असं घर मिळालं. आज पंधरा लाखांत तरी दाखवा."

अडचण त्या वाक्यात होती. कुलूप त्यांनी हट्टानं लावलं नव्हतं, भीतीनं लावलं होतं. आठ लाख हातात पडल्याशिवाय ते दुसरीकडे पैसे भरू शकत नव्हते. घर रिकामं झाल्याशिवाय गिऱ्हाईक पैसे देणार नव्हतं. आणि गिऱ्हाइकानं दिल्याशिवाय आमच्याकडे आठ लाख नव्हते. त्यात धाकटीची सेकंड पीयूसीची परीक्षा मार्चमध्ये. "स्वल्प अडजस्ट माडि," बाई म्हणाल्या.

मी चार लाखांची मुदत ठेव मोडली. "ताबा मिळायच्या आधी पैसे? उद्या ते उठलेच नाहीत तर?" वकील म्हणाले. नवऱ्यानंही हेच विचारलं आणि दोन दिवस बोलला नाही. दोघांचंही म्हणणं बरोबर होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. डिसेंबरमध्ये निम्मे पैसे दिले, युगादीनंतर घर सोडायचं आणि उरलेले चार लाख चावीबरोबर, असा करार वकिलांनी करून दिला. जानेवारीत नवं गिऱ्हाईक आलं तेव्हा फाटक उघडं होतं. त्यांनी विसार दिला, त्यातून दुसऱ्या चार लाखांचा ड्राफ्ट काढला. तरी मार्चभर मी रात्री उठून पाणी प्यायची.

२०२५ ची युगादी ३० मार्चला होती. त्यानंतर चौथ्या दिवशी त्यांनी चावी दिली. मोठी पातेली टेम्पोत चढली. पाण्याचं बिल भरलेलं नव्हतंच, ते मी भरलं. गटार तुंबलेलं होतं. काळ्या भिंतीपायी गिऱ्हाइकानं दीड लाख कमी केले, आणि घर पाडूनच बांधायचं असल्याचं नंतर सांगितलं.

सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत आई व्हीलचेअरवर आली, सही-अंगठा झाला, फोटो निघाला. बाहेर पडताना तिनं किंमत विचारली नाही. "त्यांना घर मिळालं का?" एवढंच विचारलं.

हिनकलच्या बाजूला मिळालं होतं, दोन खोल्या, तेरा लाखांच्या भोग्यानं. वरचे पाच लाख त्यांनी कुठून उभे केले हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, की त्याचा मला हक्क नव्हता, हे अजून ठरलेलं नाही.

पुण्याला आल्यावर कोथरूडच्या फ्लॅटचं खरेदीखत काढून पाहिलं. रक्कम आहे, चेकचे नंबर आहेत. ते पैसे माझ्यापर्यंत कुठून आले, हे त्यात कुठेच नाही.