कळसूला प्रियकर हवाच का?

कारवी फुलली की अकोले तालुक्यातल्या डोंगरात गाड्यांची रीघ लागते. सोनकी दरवर्षी येते, तिचं कौतुक आठवडाभर पुरतं. कारवी मात्र साधारण 7 वर्षांनी एकदाच, सगळा उतार मिळून, निळी-जांभळी होते, बी धरते आणि वाळून जाते. एवढी वाट पाहायला लावणाऱ्या फुलामागे एखादी प्रेमकथा असणारच, असं पाहुण्यांना वाटतं.

दक्षिणेत ती आहे. कारवीची सख्खी बहीण शोभावी अशी नीलकुरिंजी 12 वर्षांनी फुलते. 2018 साली मुन्नारला फुलली होती. जुन्या तमिळ कवितेत कुरिंजी म्हणजे डोंगरमुलूख आणि प्रेमिकांची भेट. शेत राखणारी वल्ली आणि मुरुगन यांची गोष्ट याच मुलखातली. भरतनाट्यमच्या नर्तकी ती आजही नव्याने उलगडून दाखवतात.

आपल्याकडे डोंगर आहे, फूल आहे, मुलगीही आहे. प्रियकर तेवढा नाही.

जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदलेली कळसूबाई शिखराची कथा अशी : रानात भटकायची आवड असलेली कळसू ही कोळ्याची पोर पायथ्याच्या इंदोरे गावी एका घरी कामाला राहिली. अट एकच, भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. काही दिवस बरे गेले. मग घरातल्या कुणीतरी तिला नेमकी तीच कामं सांगितली. तिने ती मुकाट्याने केली, आणि थेट डोंगर चढून गेली. मरेपर्यंत खाली उतरली नाही. भांडी घासली ते थाळेमेळ, केर टाकला ते काळदरा. 1646 मीटरांवरच्या तिच्या देवळात नवरात्रात चढून जाणाऱ्या बायकांत घरची भांडी घासूनच निघालेल्या किती असतील!

हिच्यावर नृत्य किंवा एकपात्री बसवायचं तर कारवीच्या फुलांत एखादा गुराखी उभा करण्याचा मोह होईल. माझ्या मते तो टाळावा. लोककथा बदलू नये असं मी म्हणत नाही. शाहीर विठ्ठल उमपांनी जांभूळ आख्यानात द्रौपदीच्या मनातला कर्ण रंगमंचावर आणला, तेव्हा कथा हलकी झाली नाही. उलट पाच नवऱ्यांच्या बायकोला स्वतःचं मन मिळालं. पण ते मन लोककथेत आधीपासून होतं. कळसूच्या कथेत आहे तो नकार. तिला प्रियकर दिला की ती त्याच्यासाठी डोंगर चढली असं होणार, आणि मोडलेली अट विसरली जाणार.

मला दिसतं ते एवढंच : रिकामा रंगमंच, राखेने घासलं जाणारं एक पातेलं, हात थांबतो, बाई उठते. कारवी मागे फुलू दे. तिच्याच काठ्यांचे कूड इथल्या घरांना असत, म्हणजे ती घरातलीही आहे.

कुणी हे बसवलंच, तर पहिला प्रयोग शहरातल्या नाट्यगृहात नको, पायथ्याच्या बारी गावात करा. गोष्ट बिघडली असेल तर तिथल्या बायका तोंडावर सांगतील.