नाव ठेवायचे म्हणजे

नावे ठेवायला आपल्याकडे माणसे हवी तेवढी मिळतात. नाव ठेवायची वेळ आली की मात्र सगळी मागे सरतात. माझा भाचा परवा त्याचसाठी माझ्याकडे आला. कायमची नोकरी सोडून त्याने चार मित्रांबरोबर इंटरनेटवर एक अड्डा जमवायला घेतला आहे. नवा धंदा काढू पाहणाऱ्या मुलांनी तिथे यावे, अडचणी सांगाव्यात, एकमेकांना वाट दाखवावी.

"मामा, कादंबरीतल्या माणसांची बारशी तू करतोस. याचंही कर."

त्याच्या यादीत पहिले नाव होते 'नवोन्मेष'. ताईने स्वयंपाकघरातून विचारले, "मेष रास कुणाची रे?" माझ्या मते त्या नावाचा निकाल तिथेच लागला. रोज हजेरी घेणाऱ्या मास्तराला ठाऊक असते की नावाची परीक्षा कागदावर होत नाही, तोंडात आणि कानात होते. १९९४ साली जेफ बेझोस यांनी आपल्या कंपनीचे नाव आधी 'कडाब्रा' ठेवले होते. फोनवर वकिलाला ते 'कॅडॅव्हर', म्हणजे चक्क प्रेत, असे ऐकू आले! पुढे त्याचे 'अॅमेझॉन' झाले.

दुसऱ्या नावात 'स्टार्टअप' होते. ते मी खोडले. पॉल ग्रॅहम यांनी २००७ च्या फेब्रुवारीत असाच एक अड्डा 'स्टार्टअप न्यूज' या नावाने उघडला. पण गप्पा धंद्याबाहेर जाव्यात असे वाटू लागले, तेव्हा त्याच ऑगस्टमध्ये त्याला 'हॅकर न्यूज' म्हणावे लागले. अंगरखा मुलाच्या वाढत्या अंगाचाच शिवावा.

एवढ्यात ताई हात पुशीत बाहेर आली. "ते सगळं खरं. पण मुलगा कुठे असतो म्हणून विचारलं, तर मी काय सांगू?" आजवर ती एका बँकेचे नाव सांगत असे, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा बदलत असे. भाचा खाली मान घालून यादीची घडी करू लागला.

मी म्हटले, "'ओसरी' ठेव. तिथं बसायला कुणी परवानगी मागत नाही."

"इंग्रजीत लोक दोन तऱ्हांनी लिहितील, मामा."

"मग दोन्ही पत्ते घेऊन ठेव."

ताईने ते नाव दोनदा पुटपुटून पाहिले आणि संध्याकाळी शेजारणीला सांगून टाकले.

"ओसरी? छान आहे हो नाव," शेजारीण म्हणाली. "पगार किती देतात?"