नजरेने वळवणारी, आवाजाने हाकणारी

बॉर्डर कॉली जातीची कुत्री मेंढ्या वळवते तेव्हा मी मेंढ्या सोडून तिच्या डोळ्यांकडेच बघत बसतो. मान खाली, पोट जमिनीलगत, भुंकण्याचं नाव नाही. कळपाला लांबून वळसा घालून ती पलीकडे जाते आणि मेंढ्या मालकाकडे आणते. ही ओढ उपजतच. लांडग्याची सावज घेरण्याची खोड तीच, फक्त शेवटचा घास गाळलेला. कष्ट पडतात ते उलट काम शिकवताना: मेंढ्या मालकापासून दूर न्यायच्या म्हटलं, की ही हटकून पुढे धावते आणि कळप परत वळवते!

१८९३ साली नॉर्थम्बरलंडमध्ये जन्मलेला ओल्ड हेम्प हा कुत्रा असाच मुका, जबर नजरेचा. आजच्या बहुतेक कॉली त्याच्याच वंशातल्या.

ऑस्ट्रेलियाची केल्पी दाटीत चक्क मेंढ्यांच्या पाठीवरून चालत जाते. न्यूझीलंडचा हंटअवे मात्र मागे राहून, डोंगर दणाणून सोडत भुंकतो आणि कळप हाकतो. स्पर्धेत कॉली शोभते, मान्य. मला हा गोंगाट्याच आवडतो.

आपल्याकडे मेंढरं वळवतो धनगर स्वतः. त्याची कुत्री रात्री लांडग्यावर धावतात. त्यांना कॉलीचे धडे द्यायची हौस असणाऱ्यांनी आधी वाड्यावर एक रात्र काढावी.