मिलापनगरचं आंब्याचं पान

डोंबिवली एमआयडीसीच्या निवासी भागात, मिलापनगरकडे कधी गेलात, तर आंब्याच्या पानाची ओळख करून घ्या. स्वारी भारी नटवी. कोवळेपणी तांबूस रुबाब, मग गडद हिरवा तजेला. धूळ बसली की हिरमुसायचं आणि पहिल्या सरीत अंग धुऊन निघालं की पुन्हा ऐटीत डोलायचं.

एवढी ऐट, पण तोंडं लपवलेली! पर्णरंध्रं जवळजवळ सगळी खालच्या अंगाला. उजाडलं की उघडायची, रात्री मिटायची, ही शिस्त. रात्री कारखान्यांचा उग्र वास सुटला की माणसं खिडक्या लावून घेतात. पान तेव्हा तोंड मिटूनच असतं. पंचाईत होते सकाळी. थंडीत धूर जमिनीलगत कोंडून राहतो आणि नेमकं तेव्हाच हे भुकेलं तोंड उघडतं.

सोशिकही तितकंच. सल्फर डायऑक्साइड थोडा असेल तर पचवून त्यातलं गंधक अंगी लावतं. प्रमाण वाढलं की मात्र तो वायू पेशींच्या ओलाव्यात विरघळून त्याचं आम्ल होतं. उन्हात हरितलवकांमध्ये ऑक्सिजनची उपद्रवी रूपं तयार होतात, पेशीचं पातळ आवरण फाटतं, आतलं पाणी झिरपतं. जवळून पाहा: शिरांच्या मधे आधी ओलसर डाग, मग तो वाळून तपकिरी.

स्वभाव मानी. विषाचा मारा बेताचा असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या रेणूंचा इशारा मिळताच काही पेशी आपणहून आवराआवर करतात आणि मरण पत्करतात.

खोटं बोलणं त्याला जमत नाही. फ्लोराइड पाण्याबरोबर टोकाशी आणि कडांना जाऊन साठतं, म्हणून करपतंही तिथेच. वीटभट्टीच्या धुराची साक्ष त्याच झाडाची कैरी देते, टोकाला काळी पडून.

प्रदूषणामुळे डोंबिवलीत 2014 साली हिरवा पाऊस पडला, 2020 मध्ये रस्ता गुलाबी झाला. दोन्ही वेळा गावभर चर्चा झाली. पानावरच्या तपकिरी डागाला तेवढा मान मिळत नाही. तो मिळायला हवा.

खारं पाणी आणि बुरशीही पान करपवतात, तेव्हा एका झाडावरून निवाडा नको. पण गल्लीतल्या चार वेगळ्या जातींच्या झाडांवर एकाच आठवड्यात सारखे डाग उमटले, तर तारखेसह फोटो काढा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडच्या तक्रारीला जोडा. इतका सरळ साक्षीदार दारात उभा असताना त्याची जबानी कागदावर यायलाच हवी.