मोडलेला पाय आणि चुकलेला पाय

गेल्या पावसाळ्यांत आंतरशालेय फुटबॉलच्या सामन्यांत आमच्या शाळेचा पराभव झाला, हें आमच्या वाचकांच्या स्मरणांत असेलच. अगदीं शेवटच्या मिनिटाला मिळालेली पेनल्टी आमच्या एका विद्यार्थ्यानें खांबाबाहेर मारली. त्यापूर्वीं पंधरा दिवस आमच्या गोलरक्षकाचें मनगट सरावांत मोडलें होतें. त्याला भेटावयास आम्ही मोसंबीं घेऊन इस्पितळांत गेलों. पेनल्टी चुकविणाऱ्याला मात्र दुसऱ्या दिवशीं भर वर्गांत आम्हीं विचारलें, "बारा यार्डांवरून एवढी मोठी चौकट तुला दिसली नाहीं काय?" वर्ग हंसला. मुलानें मान खालीं घातली, आणि त्या दिवसापासून तो मैदानाकडे फिरकला नाहीं.

आमचा एक माजी विद्यार्थी अमेरिकेंत मिनिआपोलिस शहरीं नोकरीनिमित्त राहतो. त्याला आम्हीं पराभवाचें वृत्त कळविलें होतें. त्याच्या उत्तरांत तिकडच्या फुटबॉलची हकीकत आली.

तो फुटबॉल आपला नव्हे. चेंडू लंबगोल, आणि तो बहुधा हातांत धरून पळावयाचा. प्रत्येक बाजूस अकरा गडी. चढाईचीं सारीं सूत्रें एका गड्याच्या हातीं असतात. त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. चेंडू कोणाकडे फेंकावयाचा हें तो क्षणार्धांत ठरवितो, आणि त्याच क्षणीं प्रतिपक्षाचे धिप्पाड गडी त्याच्या अंगावर धांवून येत असतात. दुसरा एक गडी किकर. तो बहुतेक वेळ कडेला उभा असतो. बोलावणें आलें म्हणजे आंत यावयाचें, जमिनीवर धरलेला चेंडू दोन उंच खांबांमधून पार करावयाचा, आणि परत जावयाचें. साधलें तर तीन गुण.

मिनेसोटा राज्याच्या व्हायकिंग्ज संघाला या दोन जागांनींच वर्षानुवर्षें रडविलें आहे. ३० ऑगस्ट २०१६ रोजीं सराव चालू असतां, कोणाचा धक्काहि न लागतां, टेडी ब्रिजवॉटर या तरुण क्वार्टरबॅकचा गुडघा निखळला. सराव तेथेंच थांबला. कित्येक गड्यांनीं प्रार्थनेसाठीं गुडघे टेकले. त्याच्या जागीं आणलेल्या सॅम ब्रॅडफर्डचाहि गुडघा २०१७ च्या पहिल्याच सामन्यानंतर दुखावला. तेव्हां राखीव केस कीनम पुढें आला, आणि त्या हंगामांत संघानें १६ पैकीं १३ सामने जिंकले. २०२३ सालीं कर्क कझिन्सच्या टांचेवरची शीर तुटली, व एकाच हंगामांत चौघांना क्वार्टरबॅक म्हणून उतरवावें लागलें. या साऱ्यांविषयीं लोक हळहळले.

किकरच्या नशिबीं हळहळ नसते. १९९८ च्या हंगामांत गॅरी अँडरसननें साखळी सामन्यांत खांबांमधल्या ३५ पैकीं ३५ किक साधल्या. जानेवारी १९९९ मध्यें अटलांटाविरुद्ध ३८ यार्डांवरून एक चुकली, आणि संघ ३० विरुद्ध २७ असा हरला. लोकांच्या तोंडीं राहिली ती ही चुकलेलीच. २०१८ सालीं नवख्या डॅनिएल कार्लसनच्या एका सामन्यांत तीन किक चुकल्या, सामना बरोबरींत सुटला, आणि दुसऱ्याच दिवशीं त्याला काढून टाकलें. तोच पुढें रेडर्स संघांत नांवारूपास आला.

एक प्रसंग आमच्या विद्यार्थ्यानें सविस्तर लिहिला होता. १० जानेवारी २०१६. मिनिआपोलिसचें उघडें मैदान. उष्णतामान शून्याखालीं २१ अंश सेल्सियस. सिॲटलचे गुण १०, व्हायकिंग्जचे ९. आणि ते नऊहि गुण ब्लेअर वॉल्श या किकरनेंच तीन किक साधून मिळविलेले. अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ उरला असतां अवघ्या २७ यार्डांवरून चेंडू मारावयाचा होता. तो डावीकडे गेला. चेंडूची वीण नीट फिरवून धरलेली नव्हती असें पुष्कळांनीं दाखवून दिलें. वॉल्शनें मात्र दोष स्वतःवरच घेतला.

त्याच आठवड्यांत, ब्लेन या गांवच्या एका प्राथमिक शाळेंतील पहिलीच्या मुलांनीं त्याला पत्रें लिहिलीं. चूक सर्वांच्याच हातून होते, असा त्यांचा आशय होता. वॉल्श स्वतः त्या शाळेंत जाऊन मुलांना भेटला.

गोष्ट येथें संपली असती तर अधिक गोड झाली असती. परंतु पुढच्या हंगामांतहि त्याच्या किक चुकत राहिल्या, आणि नोव्हेंबर २०१६ मध्यें संघानें त्याला निरोप दिला. पत्रांनीं त्याचा पाय सुधारला नाहीं. मग त्यांचा उपयोग काय झाला? हा प्रश्न आम्हीं स्वतःस विचारला, आणि उत्तर शोधतांना आम्हांस आमच्याच वर्गांतील ती खालीं घातलेली मान दिसूं लागली.

दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं आम्ही त्या मुलाच्या घरीं गेलों. बराच वेळ तो कांहींच बोलला नाहीं. मग हळूच म्हणाला, "सर, त्या दिवशीं माझाच पाय मोडला असता तर बरें झालें असतें. मग सगळे मला भेटायला आले असते."

मोडलेलें हाड क्ष-किरणांत दिसतें. हें दुखणें दिसत नाहीं, म्हणून त्याला मोसंबीं कोणी नेत नाहीं. सहा-सात वर्षांच्या मुलांस जें समजलें, तें वीस वर्षें खडू हातांत धरणाऱ्या आम्हांस समजलें नव्हतें. अपराध भर वर्गांत झाला होता, म्हणून क्षमाहि आम्हीं भर वर्गांतच मागितली. या वेळीं कोणी हंसलें नाहीं.

मुलगा आतां पुन्हा मैदानावर येतो. सायंकाळीं खिडकींतून आम्ही त्याला पेनल्टीचा सराव करतांना पाहतों. कांहीं आंत जातात, कांहीं अजूनहि बाहेर जातात. बाहेर गेलेला चेंडू आणावयास हल्लीं तोच गोलरक्षक धांवतो; त्याचें मनगट आतां बरें झालें आहे.